एकविसाव्याची किल्ली

आमच्याकडे मुलगा एकवीसचा झाला की त्याला किल्ली देतात.
खरी नव्हे. पुठ्ठ्याची, चंदेरी कागद लावलेली, हातभर लांब.
म्हणजे आता दार तुझंही,
रात्री केव्हाही ये, कुणी जागं राहणार नाही.
मी राहते. पण तो भाग वेगळा.

डेक्लनला ती बर्निस मावशीनं आणली.
केक मी केला, कॉफीचा, एका बाजूनं बसलेला.
आकड्यांच्या मेणबत्त्या फ्रीमन स्ट्रीटवरून, दोन आणि एक.
घाईत उलट्या लागल्या,
फोटोत तो बाराचा दिसतो.

त्याच आठवड्यात खात्याचं पत्र.
म्हणजे कागद नाही आता, फोनवर तांबडा ठिपका.
उघडलं तर लिहिलं होतं, आपल्या घरात
आपल्यावर अवलंबून नसलेली
एक प्रौढ व्यक्ती राहते.

मी खरंच मागे वळून पाहिलं.

अवलंबून नसलेली व्यक्ती सिंकपाशी उभी राहून
टोस्ट खात होती, बशी न घेता.
पहाटे चारला उठते ती. गोदीजवळच्या शेडमध्ये
हॅडकचे काटे काढते, बोटं पांढरी पडेपर्यंत.
वास तीनदा साबण लावला तरी निघत नाही,
ग्रिम्सबीत त्याचं कुणाला काही वाटतही नाही.
शुक्रवारी चहाच्या डब्याखाली चाळीस पौंड ठेवते
आणि बोलत नाही. मीही बोलत नाही.
मोजते, ती झोपल्यावर.

आता खातं म्हणतं, भाड्याच्या मदतीतून
महिन्याला नव्वदच्या वर कापून घेऊ,
तेवढे तो तुम्हाला देतच असेल.
असेल.
माझ्या पाठीच्या दुखण्याला पंधरा पानं पुरावा मागितला होता,
आणि इथे नुसतं असेल.

फोनवर फिलिपा होती. चांगली मुलगी, नाक चोंदलेलं.
पस्तीस मिनिटं बासरी वाजली, मग ती आली.
मी म्हटलं, मासा कमी येतोय, पाळ्या कमी झाल्यात,
मागच्या आठवड्यात दोनच मिळाल्या. तरी तेवढेच?
तेवढेच. प्रश्न कमाईचा नाही, वयाचा आहे.
मी म्हटलं, आणि गेला तर? दुसरीकडे राहायला?
टकटक टकटक. मग म्हणाली,
मग त्याची खोली जास्तीची धरतील.
जास्तीच्या खोलीचे वेगळे कापतात.

म्हणजे असला तर असण्याचे,
नसला तर नसण्याचे.

तसं म्हणता येईल, म्हणाली फिलिपा,
आणि शिंकली. मी म्हटलं, आलं घालून काहीतरी गरम घे.

पोर हाताशी आलं, असं लोक कौतुकानं म्हणतात.
मी तेच म्हणत होते, मासळीच्या दुकानात, बर्निसला,
वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

भिंती पातळ आहेत. त्यानं ऐकलं होतं.
रविवारी म्हणाला, क्लीथॉर्प्सला मार्कसचा सोफा रिकामा आहे.
जिन्याखाली बॅग काढून ठेवलेली. आत काय,
दोन जर्किनं, चार्जर, एक उशी,
आणि वर आडवी ती पुठ्ठ्याची किल्ली, मावत नव्हती.
मी ती उपसून काढली. म्हटलं,
ही क्लीथॉर्प्सच्या दाराला लागत नाही.
हसला. बाप हसायचा तसा, एका गालानं.
जातो म्हणाला नाही, राहतो म्हणाला नाही.

शुक्रवारी डब्याखाली पासष्ट निघाले.
दोन पाळ्यांत पासष्ट.
वीस मी त्याच्या रबरी बुटात परत कोंबले.
सोमवारी ते पुन्हा डब्याखाली,
ओलसर, हॅडकचा वास लागलेले.
मंगळवारी मी बुटात.
आज काय वार आहे ते मी बघितलं नाही अजून.

बॅग जिन्याखालीच आहे, अर्धी भरलेली.
झाडताना मी ती उचलून बाजूला ठेवते
आणि झाडून झालं की
होती तिथेच परत.